ख्रिस्ती माणसाने योग करावा का?

हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती घरांत आता वरचेवर निघतो. गुडघे धरलेत, साखर वाढली आहे, रात्री झोप येत नाही, आणि डॉक्टर सांगतात, योगाचा वर्ग लावा. वर्गाला गेलं की पहिल्या पाच मिनिटांतच ओंकार सुरू होतो आणि मनात कुठेतरी चुकचुकतं. आपण म्हणावं का? नुसतं डोळे मिटून बसावं? की उठूनच यावं? एका फादरांना विचारलं तर ते म्हणतात, "अहो, व्यायाम आहे, खुशाल करा." दुसरे म्हणतात, "त्या वाटेला जाऊच नका." पाळकांकडे गेलात तरी हीच दोन उत्तरं मिळतात.

दोन्ही उत्तरं देणारे मनापासूनच बोलत असतात. फरक पडतो तो एवढ्यामुळे की एकाच्या डोळ्यांपुढे पाठीचा व्यायाम असतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे मोक्षाचा मार्ग. योगात हे दोन्ही आहे, आणि त्यांच्या मधलंही बरंच काही आहे. म्हणून सगळ्याला मिळून एकच होकार किंवा एकच नकार देता येत नाही.

मी ख्रिस्ती आहे आणि आसनं नियमाने करते. माझं मत आधीच सांगून टाकते. आसनं निर्धास्तपणे करावीत. श्वासाचा अभ्यासही करावा. मंत्र म्हणू नयेत. आणि योगदर्शनाशी आपलं जिथे पटत नाही, तिथे ते पटत नाही असं आदराने पण स्पष्ट म्हणावं. "शेवटी सगळं एकच" असं म्हणून वेळ मारून नेऊ नये.

पतंजलींनी काय सांगितलं आहे

योगसूत्रं १९५, काही प्रतींत १९६. दुसऱ्याच सूत्रात पतंजली व्याख्या देऊन मोकळे होतात: योगश्चित्तवृत्तिनिरोधः. चित्तात सतत उठणाऱ्या वृत्ती थांबवणं म्हणजे योग. त्यासाठी पुढे आठ अंगं येतात. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. आज आपण ज्याला योग म्हणतो ते आसन या यादीत तिसरं, आणि त्याच्या वाट्याला जेमतेम तीन सूत्रं आली आहेत. स्थिर आणि सुखाने बसता आलं पाहिजे, एवढीच मुख्य अट. त्रिकोणासन, भुजंगासन, शीर्षासन यांतलं एकही नाव सूत्रांत सापडत नाही.

पहिली दोन अंगं आचरणाची आहेत. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे पाच यम. दहा आज्ञा पाठ असलेल्या आणि डोंगरावरचं प्रवचन ऐकलेल्या माणसाला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. उलट आसनांच्या आधी आचरण ठेवणारा हा क्रम आजच्या बहुतेक वर्गांमधून गळून गेला, याचं मला वाईट वाटतं.

खरा फरक पुढे, ईश्वराच्या सूत्रांपाशी दिसतो. पतंजलींचा ईश्वर हा 'पुरुषविशेष', म्हणजे इतर आत्म्यांहून वेगळा असा आत्मा, आहे. क्लेश, कर्म आणि कर्मफळं यांचा त्याला स्पर्श नाही, तो पूर्वीच्या गुरूंचाही गुरू आहे आणि प्रणव, म्हणजे ॐ, हे त्याचं नाव आहे. त्याचं चिंतन साधकाला उपयोगी पडतं. पण या ईश्वराने जग निर्माण केलं, तो हरवलेल्या माणसाच्या शोधात निघतो, माणसासाठी स्वतः दुःख सोसतो, असं सूत्रं म्हणत नाहीत. आणि वाटेच्या शेवटी आहे ते कैवल्य: पुरुषाने, म्हणजे आतल्या आत्म्याने, प्रकृतीपासून, म्हणजे जड सृष्टीपासून, वेगळं होऊन आपल्या मूळ स्वरूपात राहणं. शरीर आणि मन ही दोन्ही प्रकृतीत मोडतात. म्हणजे ज्याच्यापासून सुटायचं, त्या बाजूला.

ख्रिस्ती विश्वास इथे दुसऱ्या दिशेला वळतो. शरीर देवाने घडवलं आणि त्याला चांगलं म्हटलं. देवाचा पुत्र देह धारण करून आला, भुकेला झाला, दमला, मेला आणि त्या देहासकट उठला. आपल्याही शरीराचं पुनरुत्थान होणार, असं आपण चर्चमध्ये उभं राहून म्हणतो. देवाशी एकरूप होण्याची भाषा आपल्याकडेही आहे, पण ते मीलन प्रेमातलं आहे, आणि प्रेमाला दोघं लागतात. देव देव राहतो, माणूस माणूस राहतो.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. तुकोबांनी 'नलगे मुक्ती धनसंपदा' म्हणून संतसंग मागितला आणि गर्भवासाला घातलं तरी चालेल असं देवाला सांगितलं. भक्ताला देवापासून वेगळं राहूनच देव हवा असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. तो पूल भक्तीचा होता. पतंजलींकडून ख्रिस्ताकडे येणारी वाट त्यापेक्षा लांबची आणि चढणीची आहे, असं मला वाटतं.

आजचा वर्ग कुठून आला

आपण सतरंजीवर जे करतो त्याचा बराचसा भाग हठयोगातला आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामांनी लिहिलेल्या हठयोगप्रदीपिकेत आसनं येतात, पण तीही पंधराच. आजची लांबलचक मालिका विसाव्या शतकात आकाराला आली आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९१८ मध्ये योगेंद्रजींनी मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था सुरू केली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगाला प्रयोगशाळेत नेलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना पोटातला दाब किती बदलतो, हे त्यांनी उपकरणं लावून मोजलं. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत पोचवले. म्हैसूरच्या राजवाड्यात शिकवणाऱ्या कृष्णमाचार्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि इथेच राहिले.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. "प्रत्येक आसन म्हणजे कुठल्या तरी देवाची पूजा" असं काही प्रवचनांतून सांगितलं जातं, ते खरं नाही. यातली कितीतरी आसनं शंभर वर्षांपूर्वी तब्येत सुधारण्याच्या हेतूने रचली, निवडली आणि शिकवली गेली. पण "योग म्हणजे निव्वळ व्यायाम, त्यात धर्म नाहीच" हेही खरं नाही. ज्यांनी ही परंपरा जपली त्यांच्यासाठी आसन ही ध्यानाची पूर्वतयारी होती, आणि अनेकांसाठी आजही आहे.

चर्चने काय म्हटलं

इथेही एकवाक्यता नाही. कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा काढला. त्यात हिंदू परंपरेतल्या तपाचा आणि सखोल ध्यानाचा आदराने उल्लेख आहे, आणि या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं म्हटलं आहे. १९६९ मध्ये भारतातल्या बिशपांनी मिस्सेसाठी मागितलेल्या बारा भारतीय पद्धतींना रोमने मान्यता दिली. पादत्राणं काढून जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, आरती हे सगळं त्यात आहे. मांडी घालून बसण्यात किंवा हात जोडण्यात काही अख्रिस्ती नाही, हा मुद्दा तेव्हाच निकालात निघाला.

योगाचा थेट विचार झाला तो १५ ऑक्टोबर १९८९ च्या पत्रात. ख्रिस्ती ध्यानाविषयी सगळ्या कॅथॉलिक बिशपांना लिहिलेल्या या पत्रावर कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांची सही आहे. तेच पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. या पत्राने योगावर बंदी घातली असं बरेच जण सांगतात. तशी बंदी त्यात नाही. केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून या पद्धती फेटाळू नका, उपयोगी आहे ते घ्या, फक्त ख्रिस्ती प्रार्थनेचं स्वरूप झाकोळू देऊ नका, असं ते पत्र म्हणतं.

त्यातला एक इशारा मला फार मोलाचा वाटतो. काही शारीरिक क्रियांनी आपोआप शांत वाटतं, ऊब जाणवते, कधी प्रकाश दिसल्यासारखं होतं. त्यालाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजणं ही मोठी चूक आहे, असं पत्र बजावतं. अर्ध्या तासाच्या प्राणायामानंतर हलकं वाटतं, हे ज्याने केलं आहे त्याला ठाऊक आहे. ते हलकेपण चांगलंच आहे. पण त्यानंतर घरी येऊन मी सुनेला तोडून बोलले, तर ते हलकेपण नाड्यांचं होतं, आत्म्याचं नव्हतं. येशूने फळांवरून झाड ओळखायला सांगितलं आहे.

काही चर्चनी अधिक कडक भूमिका घेतली. केरळच्या सिरो-मलबार या कॅथॉलिक चर्चच्याच सिद्धांत आयोगाने २०१८ मध्ये योग आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ बसत नाही असा अहवाल दिला. ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या सिनडने जून २०२० मध्ये ख्रिस्ती जीवनात योगाला जागाच नाही असं जाहीर केलं. अमेरिकेत बाप्टिस्ट धर्मपंडित अल्बर्ट मोहलर यांनी २०१० मध्ये ख्रिस्ती लोकांनी योग करू नये असं लिहिलं आणि मोठा वाद झाला. त्यांचा मुख्य मुद्दा असा की शरीराला देवत्वापर्यंत पोचण्याचं साधन मानणं ख्रिस्ती शिकवणुकीत बसत नाही. हा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. फक्त तो पवनमुक्तासनाला लागू होतो का, हे वेगळं बघायला हवं.

पौलाने दिलेली कसोटी

असं वेगळं बघायचं कसं, याची रीत बायबलमध्ये आहे. पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठवा आणि दहावा अध्याय शेजारी ठेवून वाचा. करिंथ शहरात बाजारात येणारं पुष्कळसं मांस आधी देवळात वाहिलेलं असायचं. ख्रिस्ती माणसाने ते खावं का, हा तिथला रोजचा प्रश्न होता. गणपतीत शेजारच्या काकू प्रसादाचं ताट घेऊन येतात तेव्हा आपल्याला जो पडतो, त्याच घरातला.

पौल एकच उत्तर देत नाही. बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा, कारण पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं प्रभूचं आहे. कुणी घरी जेवायला बोलावलं तर पानात वाढलेलं खा. पण तिथे कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी थांबा. आणि देवळातल्या पंगतीला बसू नका, कारण प्रभूच्या मेजाचे आणि दुसऱ्या मेजाचे भागीदार एकाच वेळी होता येत नाही.

मांस तिन्ही ठिकाणी तेच आहे. बदलतं ते काय, तर आपण कशात सहभागी होतो आहोत आणि आपल्या वागण्याने शेजारच्या माणसाच्या श्रद्धेचं काय होतं आहे. योगाच्या वर्गाला हीच कसोटी लावता येते.

एक तास, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आपल्याकडचा नेहमीचा वर्ग घ्या. सकाळी साडेसहा, सोसायटीचा हॉल, पंधरा-वीस माणसं. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसायचं. तीनदा ओंकार. मग एखादी संस्कृत प्रार्थना. मान, खांदे, घोटे फिरवण्याच्या पूरक हालचाली. उभ्याने ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन. पालथं झोपून भुजंगासन, शलभासन. उताणं होऊन पवनमुक्तासन, सेतुबंधासन. काही ठिकाणी सूर्यनमस्कार. शवासन. उठून अनुलोम-विलोम, भ्रामरी. शेवटी पुन्हा ओंकार आणि 'सर्वे भवन्तु सुखिनः'.

पूरक हालचाली आणि आसनं हे बाजारातलं मांस. सापासारखी छाती उचलली म्हणून नागाची पूजा होत नाही. भुजंगासनात हाताचे तळवे छातीच्या बाजूला टेकलेले, कोपरं अंगाला लागलेली, बेंबीपर्यंतचा भाग वर आणि नजर समोर असते. काम करतात ते पाठीचे स्नायू. तुमच्या मनात त्या वेळी कुठल्या देवाचं आवाहन नाही, शिकवणाऱ्यानेही ते करायला सांगितलेलं नाही, मग प्रश्न उरत नाही. शवासनात मी अंग सैल सोडते तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवासाठी देवाचे आभार मानते. ते माझं मी ठरवलेलं आहे, त्याने वर्गात कुणाला अडचण होत नाही.

अनुलोम-विलोम आणि भ्रामरी यांत शब्द नाहीत. एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडणं, किंवा भुंग्यासारखा गुंजारव करणं, एवढंच आहे. सोबत कुणी नाड्या आणि चक्रांचं वर्णन करत असेल तर ते त्या परंपरेचं शरीरशास्त्र आहे, ते मानलंच पाहिजे असं नाही. मात्र कुंडलिनी जागृत करण्याचा म्हणून खास वर्ग असेल तर मी जाणार नाही. तिथे साधनेचा हेतूच वेगळा आहे आणि तो उघड सांगितलेला आहे.

सूर्यनमस्कारात विचार करावा लागतो. बारा स्थितींची ही साखळी व्यायाम म्हणून उत्तम आहे, पण 'ॐ मित्राय नमः' पासून सुरू होणारे बारा मंत्र हे सूर्याला घातलेले नमस्कार आहेत, त्यात संदिग्ध काही नाही. मंत्राशिवाय, मोजून केले तर ती हालचाल आहे. मंत्रासह केले तर ती वंदना आहे. २०१५ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला तेव्हा सरकारने सामूहिक कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले होते. म्हणजे हा फरक फक्त आपल्याच मनात येतो असं नाही.

आणि ओंकार. काही ख्रिस्ती साधक ॐ म्हणतात, त्यात त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातल्या 'आदीच्या शब्दा'ची आठवण होते. मला ते पटत नाही. पतंजलींनी स्वतः ते ईश्वराचं नाव म्हणून दिलं आहे आणि कोट्यवधी लोक त्याच भावाने ते उच्चारतात. दुसऱ्याच्या पवित्र नावाला आपण घसा मोकळा करण्याचं साधन समजावं, हे त्यांच्या श्रद्धेलाही धरून नाही. म्हणून मी त्या वेळी गप्प बसते. शिकवणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, मी ख्रिस्ती आहे, ओंकाराच्या वेळी मी मनात माझी प्रार्थना करते, चालेल ना?" त्या म्हणाल्या, "त्यात काय विचारायचं!" बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळतं. 'सर्वे भवन्तु सुखिनः' मात्र मी मोठ्याने म्हणते, कारण सगळे सुखी असोत, निरोगी असोत ही मागणी माझ्याही देवाकडे करण्यासारखी आहे.

श्वास आणि प्रार्थना आपल्याही घरात आहे

बऱ्याच ख्रिस्ती लोकांना वाटतं की शरीर आणि श्वास यांना प्रार्थनेत आणणं ही बाहेरून आलेली गोष्ट आहे. आपलाच वारसा आपल्याला कुणी नीट सांगितलेला नाही.

ग्रीसमधल्या एथोस पर्वतावरच्या मठांत साधू एक छोटी प्रार्थना अखंड म्हणत: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर. डोकं खाली झुकवून, नजर छाती-पोटाकडे वळवून, श्वासाच्या लयीवर. चौदाव्या शतकात बार्लाम नावाच्या विद्वानाने त्यांची टर उडवली, यांचा आत्मा बेंबीत असतो म्हणाला. आज योगावर घेतले जाणारे कितीतरी आक्षेप त्याने तेव्हाच घेतले होते: शरीर वाकवून देव भेटतो होय? त्याला उत्तर दिलं ग्रेगरी पालामास यांनी. ते स्वतः एथोसचे साधू. शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असं पौल सांगतो, मग प्रार्थना करताना शरीराला बाहेर का उभं करायचं, असा त्यांचा सवाल होता. १३४१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने पालामास यांची बाजू उचलून धरली. पण त्यांनी एक गोष्ट कधी सोडली नाही. श्वासाची पद्धत ही मन एकवटायला मदत आहे, देव भेटतो तो त्याच्या कृपेने. आणि गंमत नव्हे तर विचार करण्यासारखी गोष्ट अशी की २०२० मध्ये योगाला नकार देणारं ग्रीसचं चर्च याच पालामासांना संत मानतं. त्या चर्चचा आक्षेप शरीराला नाही, प्रार्थना कुणाला उद्देशून आहे याला आहे.

पश्चिमेत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात ध्यानाला बसण्याच्या स्थिती सांगितल्या आहेत: गुडघे टेकून, साष्टांग, उताणं पडून, बसून किंवा उभ्याने. ज्या स्थितीत हवं ते गवसलं, तिथेच थांबा, उगाच बदलू नका, असा त्यांचा सल्ला आहे. पतंजलींचं 'स्थिर आणि सुख' इथून फार लांब नाही. त्याच पुस्तिकेत लयीने प्रार्थना करण्याची एक पद्धत आहे, आणि ती आज रात्रीपासून कुणालाही करता येईल.

ती अशी. पाठ ताठ ठेवून बसा, खुर्चीवर बसलात तरी चालेल. डोळे मिटा. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना घ्या आणि एका श्वासाला तिचा एकच शब्द म्हणा. 'पित्या' म्हटलंत की पुढच्या श्वासापर्यंत त्या शब्दातच राहा. तो कोण आहे, मी त्याच्यापुढे कोण आहे, इतकंच. मग पुढचा शब्द. प्रार्थना पूर्ण व्हायला बराच वेळ लागतो, पहिल्यांदा मन दहा ठिकाणी पळतं, तरी घाई करू नका. अनुलोम-विलोम करून श्वास संथ झाल्यावर हे केलं तर मन लवकर थाऱ्यावर येतं, असा माझा अनुभव आहे. प्राणायामाने जागा झाडून घेतली, प्रार्थना मात्र ख्रिस्ताशीच झाली.

जे याहून पुढे गेले

भारतात काही ख्रिस्ती साधकांनी याहून खोल पाणी पाहिलं. १९५० मध्ये ज्यूल मोंशानॅं आणि आंरी ल सो या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी तमिळनाडूत कावेरीकाठी शांतिवनम हा आश्रम उभारला. ल सो पुढे अभिषिक्तानंद म्हणून ओळखले गेले. १९६८ पासून बीड ग्रिफिथ्स या इंग्रज बेनेडिक्टाइन साधूंनी तो आश्रम सांभाळला. आपल्या पुण्यात जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२० च्या दशकात ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम वसवला, आणि १९७० च्या दशकात शिवाजीनगरच्या त्याच जागेत अँग्लिकन आणि कॅथॉलिक सिस्टर्स एकत्र राहू लागल्या. मुंबईत जन्मलेले येशूसंघी फादर अँथनी डिमेलो यांनी श्वास, शरीराची जाणीव आणि ख्रिस्ती ध्यान यांची सांगड घालणारी शिबिरं घेतली. त्यांची साधना संस्था पुढे लोणावळ्याला गेली, जिथे कैवल्यधाम आहे.

या माणसांबद्दल मला आदर आहे आणि थोडी काळजीही वाटते. अभिषिक्तानंदांना अद्वैताचा अनुभव आणि त्रैक्याची श्रद्धा यांची ओढाताण आयुष्यभर पुरली. डिमेलो १९८७ मध्ये वारले, आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या नंतरच्या लेखनाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. देव व्यक्ती म्हणून उरत नाही, नुसतं शून्यासारखं काहीतरी उरतं, असा त्यातल्या आक्षेपाचा रोख होता. डिमेलोंच्या सुरुवातीच्या ध्यानपद्धतींनी अनेकांची प्रार्थना जिवंत केली, हेही तितकंच खरं आहे. खोल पाण्यात जाणाऱ्याला सोबत लागते. ध्यानाच्या या पुढच्या पायऱ्या अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शकाशिवाय चढू नयेत, असं मी कळकळीने सांगेन.

हिंदू शेजाऱ्याची तक्रार

या सगळ्यात एक बाजू आपण क्वचित ऐकतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने १९९३ मध्ये सरकारी शाळांत योगाला बंदी केली. २०२१ मध्ये ती उठवली, पण अटी घातल्या: आसनांची नावं इंग्रजीत हवीत, मंत्र नको, 'नमस्ते' म्हणायचं नाही, पालकांची लेखी परवानगी हवी. कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटस गावात एका योगप्रतिष्ठानाने पाच लाखांहून अधिक डॉलर देऊन शाळांत वर्ग सुरू केले, तेव्हा काही ख्रिस्ती पालक कोर्टात गेले. शाळेने संस्कृत नावं काढून टाकली होती, पद्मासनाला मुलांच्या खेळातलं नाव दिलं होतं. २०१५ मध्ये वरच्या कोर्टानेही हे वर्ग धार्मिक नाहीत असाच निकाल दिला.

कायद्याने प्रश्न सुटला, पण एखाद्या हिंदू माणसाला हे बघून काय वाटत असेल? योग घ्यायचा आणि तो कुठून आला ते पुसून टाकायचं. २०१० मध्ये हिंदू अमेरिकन फाउंडेशनने योगाच्या हिंदू मुळांची आठवण करून देणारी मोहीम काढली ती याच भावनेतून. म्हणून 'ख्रिस्ती योग' असं नवं लेबल लावून, सूर्यनमस्काराला 'पुत्रनमस्कार' वगैरे म्हणणं मला रुचत नाही. फादर स्टीफन्स यांनी ओवी घेतली आणि १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं, टिळकांनी अभंग आणि कीर्तन घेतलं, पण ते कुठून घेतलं हे त्यांनी कधी लपवलं नाही. भुजंगासनाला भुजंगासनच म्हणावं.

मुलांचं आणि नवीन विश्वासणाऱ्यांचं

शाळेत मुलांना मंत्रासह सूर्यनमस्कार सक्तीचे केले तर काय करायचं? आधी मुख्याध्यापकांना भेटा, भांडायला जाऊ नका. मूल आसनं करेल, मंत्राच्या वेळी गप्प उभं राहील, असं सांगितलं की बहुधा मान्य होतं. गरज पडलीच तर घटनेचं अठ्ठावीसावं कलम लक्षात असू द्या. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत, पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही.

दुसरी गोष्ट मंडळीतल्या नव्या माणसांची. आपल्याकडे कितीतरी जण प्रौढ वयात विश्वासात आले आहेत. पूर्वी त्यांनी ॐ म्हणत पूजा केली आहे, उपवास केले आहेत. ज्या मंत्राचं तुम्हाला काही वाटत नाही, तो त्यांच्या मनात खूप काही ढवळून काढतो. पौल म्हणतो, माझ्या खाण्याने भावाला अडखळण होत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही. एखाद्या ताईला योगाचा वर्ग नकोसा वाटत असेल, तर तिला मागासलेली ठरवू नका. ती चालायला जाईल, पोहेल, फिजिओथेरपी करेल. आसनांवाचून कुणाचं तारण अडत नाही.

चर्चच्या हॉलमध्ये वर्ग सुरू करायचा विचार असेल तर आधी धर्मग्राम समितीत मोकळेपणाने बोलून घ्या. वर्गात काय असेल आणि काय नसेल ते मिस्सेनंतरच्या सूचनांत वाचून दाखवा, म्हणजे कुजबूज होत नाही. शिकवायला प्रशिक्षित माणूसच बोलवा, तो हिंदू असला तर उत्तमच. त्याला आपली अडचण आधी सांगा आणि त्याची बाजूही ऐका. मंत्र वगळून शिकवणं एखाद्याला अपुरं वाटू शकतं, तो त्याचा हक्क आहे. तसं असेल तर दुसरा शिक्षक बघा. तो तयार झाला तर एखाद्या रविवारी संध्याकाळी त्यालाच योगदर्शनावर बोलायला बोलवा. ऐकायची इच्छा असलेले येतील, प्रश्न विचारतील, आणि यमनियमांपासून कैवल्यापर्यंत काय काय आहे ते परंपरा जगणाऱ्याच्या तोंडून ऐकतील.